प्रोग्रामची जागा, नोंदींची जागा: पायथॉन ॲप्लिकेशनमधील परवानगीच्या त्रुटी

जमीन आरोग्य पत्रिकेवरील १२ घटकांच्या नोंदी घेऊन पिकाची खतमात्रा काढणारी छोटी पायथॉन स्क्रिप्ट लिहिणे आता कृषी विज्ञान केंद्रांतील विषय विशेषज्ञांना किंवा संगणकाची आवड असलेल्या शेतकऱ्यांना अवघड राहिलेले नाही. गणित साधे असते. हेक्टरी १०० किलो नत्राची शिफारस असेल, तर युरियातील ४६ टक्के नत्राच्या हिशेबाने सुमारे २१७ किलो युरिया लागतो. ५० किलो स्फुरदासाठी १६ टक्क्यांचे सिंगल सुपर फॉस्फेट सुमारे ३१३ किलो आणि ५० किलो पालाशासाठी ६० टक्क्यांचे म्युरेट ऑफ पोटॅश सुमारे ८३ किलो लागते. माती परीक्षणाचे आकडे पाहून शिफारशीत वाढ-घट करायची, पिकांचा तक्ता सीएसव्ही फाइलमध्ये ठेवायचा आणि प्रत्येक शेतकऱ्याची नोंद एस्क्यूलाइटच्या डेटाबेसमध्ये जतन करायची, एवढेच काम. लिहिणाऱ्याच्या लॅपटॉपवर अशी स्क्रिप्ट महिनोन्‌महिने बिनतक्रार चालते.

अडचण सुरू होते ती हे साधन दुसऱ्याच्या हाती देताना. गावपातळीवरील संगणकावर पायथॉन नसते आणि विस्तार कार्यकर्त्याने ते स्वतः टाकून घ्यावे, लागणारी पॅकेजे मिळवावीत ही अपेक्षाही रास्त नाही. म्हणून स्क्रिप्टचे रूपांतर दोनदा क्लिक करताच उघडणाऱ्या डेस्कटॉप ॲप्लिकेशनमध्ये केले जाते. पायइन्स्टॉलर हे मुक्त साधन त्यासाठी सर्रास वापरले जाते. ॲप्लिकेशन तयार होते, पेनड्राइव्हवरून केंद्रात पोहोचते, पहिली नोंद भरून ‘जतन करा’ दाबले जाते आणि पडद्यावर इंग्रजी ओळ उमटते: परमिशन एरर, एरनो १३, परमिशन डिनाइड. लिहिण्याची परवानगी नाकारली, एवढाच तिचा अर्थ. ती पाहून पुष्कळ जण प्रोग्रामवर उजवे क्लिक करतात आणि ‘रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर’ निवडतात. त्रुटी दिसेनाशी होते. तिचे कारण मात्र जागच्या जागी राहते.

बांधणीत काय घडते

पायइन्स्टॉलर स्क्रिप्टचे यंत्रभाषेत रूपांतर करीत नाही. स्क्रिप्ट, तिला लागणारी सर्व मॉड्यूले आणि खुद्द पायथॉनचा इंटरप्रिटर यांचे ते एक गाठोडे बांधते. हे गाठोडे दोन प्रकारे बांधता येते. ‘वनडिर’ प्रकारात एक फोल्डर मिळते. त्यात मुख्य प्रोग्राम आणि त्याच्या शेजारी सर्व पूरक फाइली असतात. २०२३ मध्ये आलेल्या सहाव्या आवृत्तीपासून या पूरक फाइली ‘इंटर्नल’ नावाच्या उपफोल्डरमध्ये ठेवल्या जातात. ‘वनफाइल’ प्रकारात सारे काही एकाच फाइलमध्ये सामावते. पाठवायला सोपे म्हणून लोकांचा कल याच प्रकाराकडे असतो.

वनफाइल ॲप्लिकेशन प्रत्येक वेळी उघडताना ते गाठोडे वापरकर्त्याच्या तात्पुरत्या फोल्डरमध्ये सोडते. त्यासाठी ‘एमईआय’ या अक्षरांनी ओळखू येणारे, पुढे आकडे असलेले नवे उपफोल्डर तयार होते. प्रोग्राम तेथूनच चालतो आणि बंद होताना ते उपफोल्डर पुसून टाकतो. आता मूळ स्क्रिप्टकडे पाहावे. बहुतेक स्क्रिप्टांत डेटाबेसचा पत्ता ‘ही स्क्रिप्ट जेथे आहे तेथेच’ असा लिहिलेला असतो. लॅपटॉपवर त्याचा अर्थ लेखकाचे नेहमीचे फोल्डर. बांधलेल्या ॲप्लिकेशनमध्ये त्याच ओळीचा अर्थ होतो ते तात्पुरते उपफोल्डर.

येथे परवानगीची कोणतीही त्रुटी येत नाही. तात्पुरत्या फोल्डरमध्ये लिहिण्याची मुभा प्रत्येकालाच असते. कार्यकर्ता दिवसभर बसून ४० शेतकऱ्यांच्या माती परीक्षणाच्या नोंदी भरतो, प्रोग्राम प्रत्येक नोंदीनंतर ‘जतन झाले’ असे सांगतो आणि ते खरेही असते. संध्याकाळी खिडकी नीट बंद केली जाते, उपफोल्डर पुसले जाते, त्यासोबत नोंदीही जातात. दुसऱ्या दिवशी प्रोग्राम कोऱ्या डेटाबेसने उघडतो. परवानगी नाकारणारी त्रुटी निदान वेळीच अडवते. ही हानी मात्र नमुने तपासून, पत्रिका वाटून झाल्यावर लक्षात येते. त्यामुळे वनफाइल प्रकारातील कोणतेही ॲप्लिकेशन वाटण्यापूर्वी ते एकदा बंद करून पुन्हा उघडावे आणि नोंदी शिल्लक आहेत का, हे पाहावे. या चाचणीला एक मिनिट लागतो.

नकार कुठून येतो

वनडिर प्रकाराची गोष्ट वेगळी. ॲप्लिकेशन रीतसर इन्स्टॉल केले की ते बहुधा सी ड्राइव्हवरील ‘प्रोग्राम फाइल्स’ या फोल्डरमध्ये जाते. तेथे सामान्य वापरकर्त्याला वाचण्याची आणि प्रोग्राम चालवण्याची मुभा असते, लिहिण्याची नसते. विंडोज व्हिस्टापासून ‘यूजर अकाउंट कंट्रोल’ ही व्यवस्था आली आणि हा नियम कडक झाला. प्रशासकाच्या खात्यातून काम करणाऱ्याचे प्रोग्रामदेखील तेव्हापासून स्वतंत्र संमतीवाचून प्रशासकीय अधिकाराने चालत नाहीत.

व्हिस्टाने जुन्या प्रोग्रामांसाठी एक पळवाटही ठेवली होती. ३२-बिटचा जुना प्रोग्राम अशा जागी लिहू लागला, तर विंडोज ती फाइल गुपचूप वापरकर्त्याच्या ‘व्हर्च्युअलस्टोअर’ फोल्डरमध्ये वळवीत असे. त्यामुळे ‘आमचा जुना प्रोग्राम तर तेथेच लिहीत होता’ असे सांगणारे आजही भेटतात. पायइन्स्टॉलर आपल्या प्रोग्रामला जे मॅनिफेस्ट जोडते, त्यात तो कोणत्या अधिकाराने चालावा हे स्पष्ट लिहिलेले असते. अशा प्रोग्रामला ही सवलत मिळत नाही. नकार थेट येतो, आणि ते बरेच आहे. फाइल एकीकडे लिहिली असे वाटावे आणि ती प्रत्यक्षात दुसरीकडेच असावी, याहून सरळ नकार परवडतो.

एस्क्यूलाइटच्या बाबतीत आणखी एक बारकावा आहे. कोणी जाणकार केवळ डेटाबेसच्या फाइलला लिहिण्याची परवानगी देतो आणि तरीही ‘डेटाबेस केवळ वाचनासाठी आहे’ किंवा ‘डेटाबेस उघडता येत नाही’ अशा अर्थाची त्रुटी येत राहते. याचे कारण असे की एस्क्यूलाइट बदल करताना त्याच फोल्डरमध्ये जर्नल नावाची पूरक फाइल तयार करते. म्हणून फोल्डरमध्येही नवी फाइल निर्माण करण्याची मुभा लागते.

या सर्वांवरचा उपाय एकच, आणि तो स्क्रिप्ट लिहितानाच करावा लागतो. प्रोग्रामसोबत येणाऱ्या फाइली आणि प्रोग्राम निर्माण करीत असलेल्या फाइली यांच्या जागा अगदी सुरुवातीपासून वेगळ्या ठेवाव्यात. बोधचिन्ह, पत्रिकेचा नमुना, पिकांचा मूळ तक्ता हे पहिल्या गटात मोडतात. ‘ॲड-डेटा’ या पर्यायाने त्यांना गाठोड्यात घ्यावे, स्क्रिप्टच्या जागेवरून त्यांचा पत्ता काढावा आणि त्यांचे केवळ वाचन करावे. नोंदी, तयार झालेल्या पत्रिका, वापरकर्त्याने निवडलेल्या मांडण्या आणि त्रुटींची नोंदवही हा दुसरा गट. विंडोजवर त्याची योग्य जागा म्हणजे वापरकर्त्याच्या ‘ॲपडेटा’ फोल्डरमधील ‘लोकल’ हे उपफोल्डर. लिनक्सवर घरफोल्डरमधील ‘.लोकल’ फोल्डरातील ‘शेअर’. मॅकवर ‘लायब्ररी’मधील ‘ॲप्लिकेशन सपोर्ट’. हे पत्ते हाताने लिहू नयेत. ‘प्लॅटफॉर्मडर्स’ हे छोटे पायथॉन पॅकेज चालू प्रणाली ओळखून योग्य पत्ता देते. प्रोग्रामने पहिल्यांदा उघडताना तेथे आपले फोल्डर तयार करावे, कोरा डेटाबेस बनवावा आणि पुढे सर्व लेखन तेथेच करावे. मूळ स्क्रिप्टमध्ये एवढ्यासाठी १० ते १५ ओळींचा बदल पुरतो.

‘डॉक्युमेंट्स’ फोल्डर का नको, असा प्रश्न साहजिक आहे. छापायच्या पत्रिका तेथे जाणे सोयीचेच असते, कारण वापरकर्त्याला त्या सापडतात. डेटाबेस मात्र तेथे ठेवू नये. पुष्कळ संगणकांवर हे फोल्डर वनड्राइव्हकडे वळवलेले असते आणि फाइलची देवाणघेवाण सुरू असताना लिहिणे अडू शकते. काही ठिकाणी विंडोज डिफेंडरचे ‘कंट्रोल्ड फोल्डर ॲक्सेस’ हे संरक्षण सुरू असते. अनोळखी प्रोग्रामला ते ‘डॉक्युमेंट्स’, ‘डेस्कटॉप’ अशा जागी लिहू देत नाही. वाईट म्हणजे पायथॉनमध्ये हा नकार कधी कधी ‘फाइल सापडली नाही’ या रूपात दिसतो आणि शोधणारा भलतीकडेच शोधत बसतो.

एकाच संगणकावर दोन-तीन कार्यकर्ते आपापल्या खात्यांतून काम करीत असतील, तर निर्णय थोडा विचाराने घ्यावा लागतो. प्रत्येकाचा तक्ता त्याच्या ‘ॲपडेटा’मध्ये राहिला आणि एकानेच नवी शिफारस भरली, तर त्याच मेजावरून एकाच शेतकऱ्याला सोमवारी एक आणि मंगळवारी दुसरी खतमात्रा मिळू शकते. सर्वांनी मिळून भरायच्या नोंदी सी ड्राइव्हवरील ‘प्रोग्रामडेटा’ या सामायिक जागी ठेवाव्यात. तेथे एकाने बनवलेली फाइल दुसऱ्याला वाचता येते, पण बदलता येत नाही. म्हणून इन्स्टॉल करतानाच त्या एका फोल्डरवर सर्व वापरकर्त्यांना बदलाची परवानगी द्यावी. इनो सेटअपसारख्या इन्स्टॉलर बनवणाऱ्या साधनात त्याची सोय आहे. शिफारशींचा तक्ता मात्र ‘प्रोग्राम फाइल्स’मध्ये, सामान्य वापरकर्त्याच्या लेखणीपासून दूरच असावा. तेथे परवानगीचा तोच अडथळा राखणदाराचे काम करतो.

प्रशासकाच्या अधिकाराची भूल

पायइन्स्टॉलरमध्ये बांधणीच्या वेळीच ‘यूएसी-ॲडमिन’ हा पर्याय देता येतो. मग प्रोग्राम उघडताना दर वेळी प्रशासकीय संमती मागतो. वरवर पाहता सारे प्रश्न एका शब्दात सुटतात. प्रत्यक्षात कार्यालयीन संगणकाचा प्रशासकीय पासवर्ड विस्तार कार्यकर्त्याकडे नसतो, आणि नसावाच. दुसऱ्या अधिकाऱ्याने येऊन आपला पासवर्ड टाकला, तर प्रोग्राम त्या अधिकाऱ्याच्या खात्यातून चालू लागतो. नोंदी त्याच्या ‘ॲपडेटा’त जातात आणि कार्यकर्त्याला त्या दिसत नाहीत. कार्यालयातील सामायिक ड्राइव्ह जोडलेला असेल, तर वाढीव अधिकाराने चालणाऱ्या प्रोग्रामला तो एरवी दिसतही नाही. शिवाय अशा प्रोग्रामने संरक्षित जागी एकदा बनवलेली फाइल नंतर साध्या अधिकाराने उघडली, की पुन्हा तोच नकार. खतमात्रा काढणाऱ्या साधनाला संपूर्ण संगणकाच्या किल्ल्या देण्याचे काही कारण नाही. पायइन्स्टॉलरची नवी आवृत्तीदेखील ते स्वतः प्रशासक म्हणून चालवल्यास इशारा देते.

इन्स्टॉल करण्यासाठीच प्रशासक लागत असेल, तर तेही टाळता येते. इनो सेटअपमध्ये ‘किमान अधिकार’ हा पर्याय निवडला की ॲप्लिकेशन वापरकर्त्याच्या स्वतःच्या फोल्डरमध्ये बसते. एकाच व्यक्तीच्या वापराच्या संगणकासाठी हाच मार्ग सर्वांत सुटसुटीत.

आकडा तोच, आजार वेगळा

एरनो १३ म्हणजे ज्वरासारखे लक्षण आहे. त्यामागे अनेक कारणे असू शकतात. विंडोज पुष्कळदा सोबत आपला आकडाही देते. विनएरर ५ म्हणजे प्रवेश नाकारला. विनएरर ३२ म्हणजे फाइल दुसऱ्या प्रोग्रामच्या ताब्यात आहे. पत्रिकांची यादी एक्सेलमध्ये उघडी ठेवून प्रोग्राममधून तीच यादी पुन्हा निर्यात केली, तर नकार येणारच. फोल्डरची परवानगी बदलून तेथे काही साधत नाही. एक्सेलची खिडकी बंद करावी लागते. प्रोग्राम लिहिणाऱ्याने निर्यातीच्या नावात तारीख आणि वेळ घातली, तर हा प्रसंग येतच नाही.

विंडोजवर फाइलऐवजी फोल्डरच उघडण्याचा प्रयत्न झाला, तरीही हीच त्रुटी मिळते. शेतकऱ्याचे नाव रिकामे राहिले, त्यातून फाइलचे नावही रिकामे झाले आणि पत्ता केवळ फोल्डरपर्यंतच पोहोचला, असे बऱ्याचदा घडते. लिनक्स अशा वेळी ‘हे फोल्डर आहे’ असे स्पष्ट सांगते. विंडोजवरील संदेश वाचणारा मात्र परवानगी शोधत राहतो.

दररोज पहाटे हवामानाची माहिती उतरवून घेणारे प्रोग्राम टास्क शेड्युलरवर सोपवले जातात. हाताने चालवल्यास ते उत्तम चालतात, वेळापत्रकाने चालवल्यास परवानगी नाकारली जाते. टास्क शेड्युलर प्रोग्रामला विंडोजच्या ‘सिस्टम३२’ फोल्डरमध्ये उभे करून चालवतो, हे त्याचे कारण. ‘पर्जन्य.सीएसव्ही’ असे नुसते नाव दिले असेल, तर ती फाइल तेथेच तयार करण्याचा प्रयत्न होतो. टास्कच्या ‘स्टार्ट इन’ या रकान्यात फोल्डर लिहिता येते. पण स्क्रिप्टमध्येच पूर्ण पत्ता देणे अधिक भरवशाचे.

जमिनीतील ओलावा मोजणारा संवेदक किंवा धान्याचा इलेक्ट्रॉनिक काटा यूएसबीने जोडला असेल, तर ‘कॉम ३ उघडता येत नाही, प्रवेश नाकारला’ असा संदेश येऊ शकतो. एक सीरियल पोर्ट एका वेळी एकाच प्रोग्रामला मिळतो. आर्डुइनोचा सीरियल मॉनिटर मागे उघडा राहिला असेल किंवा आपल्याच ॲप्लिकेशनची जुनी प्रत पडद्यामागे चालू असेल, तर ती बंद करावी. लिनक्सवर हीच अडचण खऱ्या अर्थाने परवानगीची असते: डेबियन आणि तिच्यावर बेतलेल्या प्रणालींत, म्हणजे सी-डॅकने विकसित केलेल्या ‘बॉस’मध्येही, वापरकर्ता ‘डायलआउट’ या गटात असावा लागतो. गटात घेतल्यावर एकदा लॉग आउट करून पुन्हा यावे.

लिनक्ससाठी ॲप्लिकेशन लिनक्सवरच बांधावे लागते, विंडोजवर बांधलेले तेथे चालत नाही. पेनड्राइव्हवरून किंवा ईमेलने नेलेल्या फाइलची ‘चालवण्याची’ परवानगी वाटेत गळून पडते. ती फाइलच्या गुणधर्मांत जाऊन पुन्हा द्यावी, किंवा मुळातच टार स्वरूपात बांधून न्यावी. सुरक्षिततेसाठी काही कार्यालयांत तात्पुरत्या फोल्डरमधून काहीही चालवण्यास बंदी असते. तेथे वनफाइल ॲप्लिकेशन उघडतच नाही, वनडिर मात्र सुरळीत चालते.

बांधणीच्या टेबलावर

कधी त्रुटी ॲप्लिकेशन बांधतानाच येते. ‘डिस्ट’ फोल्डरमधील जुनी प्रत पुसता येत नाही असे पायइन्स्टॉलर सांगते, तेव्हा तीच प्रत चालू असते किंवा ते फोल्डर एखाद्या खिडकीत उघडे असते. टास्क मॅनेजरमध्ये पाहून ती बंद करावी. काहीच उघडे नसताना त्रुटी आली, तर संशय अँटीव्हायरसवर जातो. नुकतीच तयार झालेली फाइल तो तपासायला ओढून घेतो आणि त्याच क्षणी पायइन्स्टॉलर तिच्यात चिन्ह किंवा मॅनिफेस्ट घालू पाहते.

तयार ॲप्लिकेशनलाही अँटीव्हायरस अनेकदा विषाणू ठरवतो. पायइन्स्टॉलरचा आरंभीचा भाग सर्वांच्या प्रोग्रामात सारखाच असतो. विघातक प्रोग्राम लिहिणारेही तोच वापरतात, आणि स्वतःला तात्पुरत्या फोल्डरमध्ये उलगडण्याची वनफाइलची रीत संशयात भरच घालते. म्हणून केंद्रांत वाटायचे ॲप्लिकेशन वनडिर प्रकारात बांधून इन्स्टॉलरमधून द्यावे, फाइल आवळणारे यूपीएक्स बंद ठेवावे, शक्य असल्यास संस्थेच्या डिजिटल स्वाक्षरीने प्रमाणित करावे आणि चुकीचा इशारा आल्यास फाइल त्या अँटीव्हायरसच्या कंपनीकडे तपासणीला पाठवावी. वापरकर्त्याला अँटीव्हायरस बंद करायला सांगणे हा उपाय सुचवू नये.

चाचणी लिहिणाऱ्याच्या लॅपटॉपवर पुरेशी होत नाही, कारण तेथे पायथॉन असते आणि खाते बहुधा प्रशासकाचे असते. एखाद्या संगणकावर साधे, प्रशासकीय अधिकार नसलेले खाते उघडावे आणि ॲप्लिकेशन तेथे चालवून पाहावे. नोंद भरणे, बंद करणे, पुन्हा उघडणे, निर्यात करणे, एक्सेल उघडे ठेवून पुन्हा निर्यात करणे एवढे केले तरी बहुतेक दोष बाहेर पडतात. काळी खिडकी दिसू नये म्हणून ‘विंडोड’ पर्याय वापरला असेल, तर प्रिंटने छापलेले संदेश कोठेच दिसत नाहीत. त्रुटी फाइलमध्ये लिहिण्याची व्यवस्था आधीच असावी. परवानगी नाकारली गेली तर कार्यकर्त्यासमोर इंग्रजी ओळींची रांग न येता, कोणत्या पत्त्यावर लिहिता आले नाही आणि काय करावे, हे त्याच्या भाषेत सांगणारे दोन ओळींचे वाक्य यावे.

वनफाइल ॲप्लिकेशन आधीच वाटले गेले असेल आणि नोंदी नाहीशा झाल्या असतील, तर एक शोध घेण्यासारखा आहे. उपफोल्डर पुसले जाते ते प्रोग्राम नीट बंद झाल्यावर. वीज गेल्याने संगणक मध्येच बंद पडला असेल, तर त्या दिवशीचे उपफोल्डर मागे राहिलेले असू शकते. विंडोजच्या ‘रन’ चौकटीत टक्क्याच्या दोन चिन्हांमध्ये ‘टेम्प’ हा शब्द रोमन अक्षरांत लिहिला की तात्पुरते फोल्डर उघडते. त्यात ‘एमईआय’ नावाची उपफोल्डरे तारखेप्रमाणे पाहावीत आणि डेटाबेसची फाइल सापडल्यास ती आधी दुसरीकडे उतरवून घ्यावी. विंडोजचे ‘स्टोरेज सेन्स’ जुन्या तात्पुरत्या फाइली आपोआप काढून टाकू शकते. म्हणून हा शोध लवकर घ्यावा आणि तोवर त्या संगणकावर डिस्कची सफाई करू नये.